कारणाच्या रकान्यात

जळलेल्या घराचा वास केसांतून चार दिवस जात नाही. शिकेकाईनं जात नाही, शाम्पूनं जात नाही. माझ्या नवऱ्यानं तो वास कितीतरी वर्षं निमूट सोसला. आता मी निवृत्त झाले, तरी पावसाळी हवेत जुन्या कोटाला नाक लावलं की तो येतो, आणि मग माझा दिवस वाईट जातो.

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "शैलाताई, दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा. तुमच्या कामात गमतीजमती असतीलच की." होत्या. एकदोन सांगतेही. पण मला लिहायचंय ते एका घराबद्दल, आणि त्यात गंमत नाही. ते घर सोडून बाकीचं लिहायला बसले, तर पानापानाला माझीच मला लाज वाटेल. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आधी धंदा काय ते सांगते, कारण चाळीस वर्षं अमेरिकेत राहिलेल्या लोकांनाही तो नीट माहीत नसतो. इथे घर घेतलं की बँक विमा उतरवायला लावते. पुढे आग लागली, पाइप फुटला, वादळानं छप्पर गेलं, की विमा कंपनी आपला ॲडजस्टर पाठवते. हा माणूस गोड बोलतो, हळहळतो, सगळं टेपवर घेतो आणि नुकसान किती ते ठरवतो. त्याला पगार कंपनी देते, हे घरमालकाला जरा उशिरा आठवतं. त्याच्यासमोर घरमालकाच्या बाजूनं जो उभा राहतो तो पब्लिक ॲडजस्टर. पॉलिसीची बारीक अक्षरं वाचायची, काय काय जळलं त्याच्या याद्या करायच्या, बांधकामाचे अंदाज काढायचे, कागद मुदतीत भरायचे आणि कंपनीशी हुज्जत घालायची, हे आमचं काम. मिळालेल्या रकमेतला दहावा हिस्सा आमचा.

मी त्यात अपघातानंच शिरले. न्यू जर्सीत एका बेकरीच्या वर दोन खोल्यांत सालचं ऑफिस होतं. साल मूळचा इटालियन घरातला, साठीला आलेला, पोट पुढे आणि आवाज घोगरा. टेबलावर बंबवाल्यांचे निरोप ऐकू येणारा रेडिओ दिवसभर खरखरत असायचा. पत्ता कानावर पडला की साल कोट चढवून निघायचा. कधीकधी साल आधी आणि बंब मागून, असंही व्हायचं. लोक आम्हाला तोंडावर गिधाडं म्हणत. मी टायपिस्ट म्हणून लागले होते. एक दिवस एका घराची यादी टाइप करताना पाहिलं, तर सालनं अख्खं स्वयंपाकघर एका ओळीत उरकलेलं. 'किचन, मिसलेनियस' आणि पुढे एक आकडा. मी म्हटलं, "साल, या घरात कोणी जेवत नव्हतं का?" दुसऱ्या दिवशी त्यानं मला बरोबर नेलं. त्या बाईला मी म्हटलं, "डोळे मिटा. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहा. आता उजव्या हाताचा पहिला ड्रॉवर उघडा. काय दिसतं?" दोन तासांत अकरा पानं भरली. तेव्हापासून सालनं मला टाइपरायटरपाशी बसू दिलं नाही.

याद्या करायला मी त्या कौंटीत एक नंबर होते, हे लिहायला मला संकोच नाही. एका बाईनं तर शेजारणीकडून आणलेल्या आणि कधीच परत न केलेल्या वस्तूंची वेगळी यादी करायला लावली. म्हणाली, आज ना उद्या देणारच होते, आता देता येणार नाहीत, तर निदान नोंद असू दे. त्यात एक वॅफलचं यंत्र होतं. शेजारीण मागे उभी राहून ऐकत होती, तिनं आणखी तीन वस्तूंची आठवण करून दिली.

सालची एक पद्धत होती. घरात शिरल्यावर, कोणी खुर्ची पुढे करायच्या आधीच तो विचारायचा, "वॉज इट युवर ओन स्टुपिड फॉल्ट?" माणसं दचकायची. काही चिडायची. मग साल हात वर करून म्हणायचा, "स्टुपिड इज कव्हर्ड. लाइंग इज नॉट."

याच्याइतकं महत्त्वाचं या धंद्यात दुसरं काही नाही. एक निवृत्त बसड्रायव्हर पेटती सिगरेट हातात धरून सोफ्यावर झोपला आणि बैठकीची खोली घालवून बसला. सालनं विचारल्यावर तो रडकुंडीला येऊन हो म्हणाला. त्याला पूर्ण पैसे मिळाले. तेल तापत ठेवून फोनवर बोलत बसणं, इस्त्री तशीच ठेवून बाहेर जाणं, मेणबत्ती विसरणं, हा सगळा वेंधळेपणा विम्यात बसतो, किंबहुना विमा असतो तो त्यासाठीच. मुद्दाम लावलेली आग तेवढी बसत नाही. आणि आग कशी लागली याबद्दल जाणूनबुजून खोटं सांगितलं, तर पॉलिसीच रद्द होते. एखादी खोली नाही, सगळंच जातं.

सालचा तो प्रश्न मी पुढे किती जणांना विचारला, मोजदाद नाही. एका घरात विचारला नाही.

सुरेश आणि मंगल पार्सिपनीला राहत. सुरेश इंजिनिअर, मंगल एका बँकेत. घर नवीन घेतलेलं, मुलगी पहिलीत. सुरेशची आई दोन वर्षांपूर्वी संगमनेरहून कायमची इकडे आलेली. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतली, म्हणजे ताटं उचलताना बोलण्याइतपत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या घराला आग लागली आणि तीन आठवड्यांनी मंगलचा फोन आला. "शैलाताई, कंपनीचा माणूस म्हणतो भिंती पुसून घ्या, रंग लावा, झालं. अहो, वरचा मजला आहे कुठे रंग लावायला? तुम्ही हेच काम करता ना? प्लीज, केस घ्या."

विमा कंपनीनं त्यांना तात्पुरतं एक अपार्टमेंट भाड्यानं घेऊन दिलं होतं. मी गेले तेव्हा मावशी कोपऱ्यात घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. अंगात कोणाचा तरी मोठा स्वेटर. मंगलनं पोहे केले. मावशींपुढची बशी तशीच राहिली. मंगल मला आत नेऊन हळूच म्हणाली, "त्या दिवसापासून धड जेवलेल्या नाहीत."

हकीकत सुरेशनं सांगितली. दुपारची वेळ, हे दोघं कामावर, मुलगी शाळेत. मावशी फुलं तोडायला मागच्या अंगणात गेल्या. तिथे मंगलनं झेंडू लावला होता. मागचं दार आपोआप बंद झालं आणि आतून लॉक झालं. किल्ली आत. थोड्या वेळानं वरच्या खिडकीतून धूर यायला लागला. मावशी अनवाणी शेजारच्या चार घरांची दारं वाजवत फिरल्या. दुपारी त्या वस्तीत चिटपाखरू नसायचं. शेवटी टपालवाला आला. त्याची बाही धरून त्या 'हाउस, हाउस' एवढंच म्हणत राहिल्या.

"आग कशानं?" मी विचारलं.

"वायरिंग," सुरेश म्हणाला. "देवाजवळ छोटे इलेक्ट्रिक दिवे लावले होते. त्याची एक्स्टेन्शन कॉर्ड शॉर्ट झाली. मी कंपनीच्या माणसाला टेपवर तसंच सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही घर बघायला गेलो. मावशीही आल्या, पण गाडीतून उतरल्या नाहीत.

त्या काळी आमच्यापैकी निम्म्या घरांत देव टॉवेलांच्या कपाटात राहत होते. अमेरिकन घरात देवघराला जागा नसते. मग जिन्याजवळचं, चादरी-टॉवेल ठेवायचं अरुंद कपाट रिकामं करायचं, दोन फळ्यांवर देव मांडायचे आणि वरच्या फळीवर पांघरुणं तशीच ठेवायची. माझ्याही घरी तसंच होतं. सुरेशच्या घरातलं ते कपाट आगीनं आतून खरवडून काढलं होतं. मी गुडघ्यावर बसून राख बाजूला केली. खाली फुटलेलं मडकं होतं, त्यातली माती भाजून निघालेली, मातीत जळलेलं धान्य. शेजारी समई, वितळून एका अंगाला कललेली.

ते घट होते. आग नवरात्रात लागली होती. घट बसलेल्या घरात समई शोभेला ठेवत नाहीत, तिथे नऊ दिवस अखंड दिवा असतो. तो विझू द्यायचा नाही आणि घर रिकामं सोडायचं नाही. मावशी घर सोडून गेल्या नव्हत्याच, देवीच्या माळेसाठी फुलं आणायला चार पावलं बाहेर गेल्या होत्या. मला सगळं एका क्षणात कळलं.

सुरेश मागे उभा होता. मी समई उचलून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "ती शोभेची होती, ताई. पेटवत नव्हतो आम्ही."

कोणी अमेरिकन गिऱ्हाईक असतं, तर मी तिथल्या तिथे समई त्याच्या नाकासमोर नाचवून म्हटलं असतं, बाबा रे, वेंधळेपणा विम्यात बसतो, खरं काय ते सांग. पण खाली गाडीत मावशी होत्या. तुमच्या दिव्यानं तुमच्या मुलाचं घर जळलं का, असं मी त्यांना कोणत्या तोंडानं विचारणार? बरं, मावशींना नको, सुरेशला एकट्याला गाठता आलं असतं. तेही मी केलं नाही. आपल्या माणसाला खोटं बोलताना पकडलं की त्याच्याआधी आपणच ओशाळतो. मी ओशाळले, समई खाली ठेवली आणि छपराच्या तुळयांबद्दल बोलायला लागले.

मनाची समजूतही घातली. बंबवाल्यांच्या अहवालात कारण अनिश्चित असं लिहिलं होतं. कोण खोदत बसणार? आणि दिवा काय, वायर काय, पैसे तर दोन्हीचे मिळतातच. हे मला माहीत होतं. सुरेशला माहीत नव्हतं, हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. इंजिनिअर माणूस, पॉलिसी वाचली असेल, असं मी धरून चालले. ते एक वाक्य मी त्याला कधी बोलूनच दाखवलं नाही.

त्यानंतर मी त्या केसमध्ये जीव ओतला. मंगलबरोबर बसून एकेक ड्रॉवर उघडला. मोदकपात्र, सोऱ्या, लग्नातल्या पैठण्या, मुलीची जन्मापासूनची बाळलेणी. सत्तावन्न पानांची यादी झाली. मंगल रडत होती आणि आठवतही होती. तशी यादी मी पुन्हा कधी केली नाही.

यादीबरोबर नुकसानीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. घरमालकानं नोटरीसमोर, शपथेवर सही करायची. त्यात एक रकाना असतो, आगीचं कारण. सालचा नियम असा की मालकानं आग लागताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली नसेल, तर त्या रकान्यात 'अननोन' लिहायचं. साल त्या वेळी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी रजेवर होता. मी 'अननोन' टाइप करायला घेतलं, तर सुरेश म्हणाला, "ताई, इलेक्ट्रिकल लिहा ना. टेपवर मी तसंच सांगितलंय. आता वेगळं लिहिलं तर त्यांना डाउट येईल."

मंगलनं त्या दिवशी माझ्यासाठी डब्यात पुरणपोळी आणली होती. डबा टाइपरायटरच्या बाजूलाच होता. मी 'इलेक्ट्रिकल' टाइप केलं. सुरेशनं सही केली, नोटरीनं शिक्का मारला. तो रकाना माझ्या बोटांनी भरलेला आहे.

जानेवारीत कंपनीनं आपला तपासनीस पाठवला. त्यानं कपाटाखालच्या लाकडी जमिनीचा तुकडा कापून प्रयोगशाळेत दिला. त्यात तेल निघालं, लाकडात मुरलेलं. नऊ दिवसांची समई म्हटल्यावर तेल सांडणारच, त्यात नवल ते काय. पण त्या तपासनिसाच्या हातातल्या कागदावर 'इलेक्ट्रिकल' लिहिलं होतं, म्हणजे या कपाटात ज्योत नव्हतीच. ज्योत नव्हती, तर मग तेल कशासाठी ओतलं? कंपनीला वाटलं, सुरेशनं स्वतःच घर पेटवलं.

कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी येऊन शपथेवर जबाब द्यावा. साल नुकताच कामावर परतला होता. त्यानं सगळी फाइल वाचली, चष्मा काढला आणि मला विचारलं, "डिड यू आस्क हिम?"

"नाही," मी म्हटलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसती फाइल मिटली आणि सुरेशला बोलावून घेतलं. सालनं त्याला तो प्रश्न विचारला आणि पुढचं वाक्यही सांगितलं. पण तोवर शपथेवर सही झालेली होती. आता हो म्हणणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असंच सुरेशला वाटलं असणार. तो म्हणाला, "देअर वॉज नो फ्लेम." साल म्हणाला, निदान वकील तरी घेऊन ये. त्यावर सुरेश मराठीत माझ्याकडे वळून म्हणाला, "आपण काय गुन्हेगार आहोत का, ताई?"

जबाब फेब्रुवारीत झाला. साल आणि मीही हजर होतो. कंपनीच्या वकिलाचं ऑफिस, लांब टेबल, मध्यभागी टेप, कोपऱ्यात शब्दन् शब्द टिपणारी एक बाई. सकाळी सुरेशनं इलेक्ट्रिकलच सांगितलं. मंगल म्हणाली, मी ऑफिसात होते, मला काही माहीत नाही. मग मावशींना बोलावलं.

कंपनीनं दुभाषा आणला होता, पण हिंदीचा. दिल्लीकडचे एक सभ्य गृहस्थ. त्यांचं हिंदी मावशींना कळेना आणि मावशींचं मराठी त्यांना. दहा मिनिटं तसाच घोळ चालला. शेवटी वकील वैतागून माझ्याकडे बोट करत म्हणाला, या बाईंना दोन्ही भाषा येतात, कोणाची हरकत नसेल तर यांनीच सांगावं. कोणाची हरकत नव्हती. मलाही उजवा हात वर करायला लावला. जे ऐकेन ते जसंच्या तसं सांगेन.

मावशींना शपथेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोणाची शपथ?"

"देवाची," मी म्हटलं.

त्यांनी टेबलाखाली पायांतले बूट काढले, मग हात वर केला.

वकील तरुण होता आणि म्हातारीशी अदबीनं बोलत होता. त्यानं विचारलं, त्या दिवशी कपाटात काय काय होतं? मावशी सांगायला लागल्या. घट, माळा, टाक, समई. समई पेटलेली होती का?

"होय तर. नवरात्र होतं. मीच लावली होती. सकाळी तेल घातलं, जरा जास्तच पडलं, खाली ओघळलं. म्हटलं फुलं आणून मग पुसते."

सुरेश म्हणाला, "आई." वकिलानं हात वर करून त्याला थांबवलं. मी सांगितलं, एकेक शब्द. त्या क्षणापर्यंत फारसं काही बिघडलेलं नव्हतं. सुरेश घरी नव्हता. त्याला दिव्याचं माहीत नव्हतं, त्यानं अंदाजानं वायर म्हटलं, असं आम्हाला म्हणता आलं असतं. सालनं टेबलाच्या त्या बाजूनं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याही मनात तेच होतं.

पण मावशी थांबल्या नाहीत. इतके महिने कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या, वकिलाकडे नाही. "मी अन्न सोडलं ना, म्हणून हा म्हणायला लागला की वायरनं आग लागली. म्हणाला, समई आधीच विझली होती, आई. अगं, विझली म्हटलं तरी पाप माझंच की. माझ्या जिवाला लागू नये म्हणून वायर म्हणतो तो. त्याला ठाऊक आहे."

टेप फिरत होती. वकील वाट बघत होता. त्या हिंदीच्या गृहस्थांना 'ठाऊक' कळलेलं नव्हतं, ते चेहऱ्यावरूनच दिसत होतं. त्या खोलीत ते शेवटचं वाक्य मावशींना, सुरेशला, मंगलला आणि मला कळलं होतं. सुरेश माझ्याकडे बघत होता. त्यानं डोळ्यांनी काही सुचवलं नाही, विनवणी केली नाही, नुसता बघत होता. मी ते वाक्य गाळलं असतं तर घर वाचलं असतं, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

मी म्हटलं, "ही नोज."

हे सचोटीनं केलं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. मी घाबरले होते. ती टेप उद्या कोणा मराठी माणसाला ऐकवली तर, हा एकच विचार डोक्यात होता. ज्या दिवशी विचारायला हवं होतं त्या दिवशी भिडेनं गप्प बसले, आणि ज्या दिवशी गप्प बसता आलं असतं त्या दिवशी भीतीनं बोलले. दोन्ही वेळा मी स्वतःला जपलं.

खाली पार्किंग लॉटमध्ये मावशींनी माझा हात धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग दिसला. म्हणाल्या, "शपथ घेऊन खरं सांगितलं. आता सुरेशच्या मागचं शुक्लकाष्ठ सुटेल ना ग?" मी हो म्हटलं. त्या रात्री त्या दोन पोळ्या जेवल्या, असं मंगलनं मला नंतर फोनवर सांगितलं. सांगताना ती हसायचा प्रयत्न करत होती.

एप्रिलमध्ये कंपनीचा निर्णय आला. मावशींच्या जबाबानंतर सुरेशवरचा आग लावल्याचा संशय त्यांनी मागे घेतला होता. पुढच्याच परिच्छेदात लिहिलं होतं की आगीच्या कारणाबद्दल शपथेवर जाणूनबुजून खोटं सांगितल्यामुळे पॉलिसी रद्द झाली आहे. सालनं तीनदा त्यांच्या ऑफिसात जाऊन भांडण केलं. त्यानं त्या केसचा एक पैसा घेतला नाही आणि दोन वकिलांना स्वतःच्या ओळखीनं कागद दाखवले. दोघांनीही नकारार्थी मान हलवली. पुढे घर पाडून उरलेली मोकळी जमीनही बँकेच्या कर्जापोटी गेली, आणि ही मंडळी नॉर्थ कॅरोलायनाला, कॅरीला निघून गेली. मंडळात पुन्हा कोणी त्यांचं नाव काढलं नाही. मी अजून बरीच वर्षं काम केलं. प्रत्येक घरात, अगदी आपल्या माणसांच्याही घरात, बूट काढायच्या आधी सालचा प्रश्न विचारला. काही जणांना राग आला, येऊ दे. त्यानं सुरेशचं घर परत आलं नाही.

कंपनीच्या निर्णयाचं ते एप्रिलमधलं पत्र मी टपालानं पाठवलं नाही, स्वतः घेऊन गेले. शनिवारची सकाळ होती. मंगल मुलीला घेऊन नाचाच्या क्लासला गेली होती. मावशी आत पूजा करत होत्या. सुरेशनं दारातच पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग विचारलं, "समजा पहिल्या दिवशीच मी समई सांगितली असती तर?"

खोटं सांगावं असं फार वाटलं. "तर नाताळच्या आत चेक आला असता," मी म्हटलं.

तो भिंतीला टेकून खाली बसला. "मंडळातल्या लोकांनी सांगितलं, ओपन फ्लेम म्हणालास तर एक डॉलर मिळणार नाही. आणि आई जेवत नव्हती. मला वाटलं, दोन्ही कामं होतील." मग म्हणाला, "सहीच्या आधी तुम्ही एकदा विचारलं असतंत ना, ताई, तर तुमच्यापासून मी लपवलं नसतं."

पत्र त्याच्या हातातून घेऊन मी पर्समध्ये ठेवलं.

आतून मावशींचा आवाज आला, "सुरेश, कोण आलंय? शैला का? चेक आणला का रे तिनं?"

सुरेशनं माझ्याकडे पाहिलं, आणि जरा मोठ्यानं म्हणाला, "हो आई, आणला."

मावशी साखरेची वाटी घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली, म्हणाल्या, "तोंड गोड कर ग पोरी." मी ती खाल्ली.